आधी काय दिसावं?

कालनिर्णयच्या पानावरचा कुठलाही एक चौकोन घ्या. ठसठशीत तारीख, तिच्या आसपास बारीक अक्षरांत तिथी आणि नक्षत्र, सण असेल तर त्याचं नाव, संकष्टी असेल तर चंद्रोदयाची वेळ. रविवार आणि सुट्ट्या लाल रंगात. दुधाचा खाडा मांडणाऱ्याला तारीख पुरते, उपास करणाऱ्याला तिथी लागते आणि मुलांना फक्त लाल रंग हवा असतो. सगळे एकाच कागदाकडे पाहतात आणि प्रत्येकाला आपापल्या कामाचं झटकन सापडतं. यातली माहिती काही नवी नव्हती. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापलं, तेव्हाही तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगं त्यात होतीच. पण ती दाट कोष्टकांत होती आणि ती कोष्टकं उलगडायला जाणकार लागायचा. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी कालनिर्णय काढलं आणि पंचांगातली रोजच्या उपयोगाची माहिती भिंतीवरच्या चौकोनांत आणून बसवली. माहिती तीच राहिली, ती कोणाला वाचता येते हे मात्र बदललं. पूर्वी जे गुरुजींना विचारावं लागे, ते स्वयंपाकघरातून मान वर करून पाहता येऊ लागलं.

ग्राफिक डिझाइन म्हणतात ते हेच. मजकूर लिहून झाल्यावर वरून चढवलेला साज, अशी त्याची समजूत आपल्याकडे इतकी रुजली आहे, की निमंत्रणपत्रिकेपासून सरकारी अर्जापर्यंत सगळीकडे आधी मजकूर ‘फायनल’ होतो आणि मग ‘जरा डिझाइन करून द्या’ म्हणून तो कोणाच्या तरी हाती सोपवला जातो. खरं तर आधी काय दिसावं, नंतर काय, कशाच्या शेजारी काय असावं आणि कुठे काहीच नसावं हे ठरवणं म्हणजे मजकुराचा अर्थच ठरवणं. माझं म्हणणं याच्या एक पाऊल पुढचं आहे. या विद्येची तत्त्वं माणसाच्या डोळ्यावर उभी आहेत, म्हणून ती सगळीकडे सारखी; पण त्यांची मापं लिपीतून येतात आणि लिपीगणिक बदलतात. मराठीने तत्त्वांबरोबर रोमन लिपीची मापंही उचलली. आपली बरीचशी छापील आणि पडद्यावरची पानं वाचायला अवघड होतात, ती त्यामुळे.

इतिहासातच याचा पुरावा आहे. ग्राफिक डिझाइन हे नाव अमेरिकेतल्या विल्यम ॲडिसन ड्विगिन्स यांनी १९२२ साली आपल्या कामासाठी वापरलं, पण काम त्याच्या कितीतरी आधीचं. योहान गुटेनबर्गने १४५५च्या सुमारास माइंत्समध्ये बायबल छापलं, तेव्हा त्याच्यासमोर नमुना होता तो हस्तलिखितांचा. दोन रकाने, बहुतेक पानांवर ४२ ओळी, भोवती ऐसपैस समास. लेखनिकाच्या हाताला रोमन वर्णमालेच्या अक्षरांबरोबर जोडअक्षरांची आणि संक्षेपांची सवय होती, म्हणून गुटेनबर्गनेही सुमारे २९० वेगवेगळे खिळे घडवले. लिपी यंत्राला जुळवून घेईल अशी वाट त्याने पाहिली नाही. यंत्रच लिपीच्या सवयींना जुळवून घेतलं. पुढे युरोपातल्या छापखान्यांनी खिळ्यांची संख्या आटोक्यात आणली, पण वाचणाऱ्याचा डोळा छापील पानाला सरावल्यानंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण देवनागरीच्या वाट्याला तो उलटा आला.

हिंदुस्थानात छापखाना आला तो गोव्यात, १५५६ साली. त्यानंतर साठ वर्षांनी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ रायतूर इथे छापलं गेलं. ओवीबद्ध मराठी आणि त्याच ग्रंथात मराठी भाषेची मनापासून केलेली स्तुती. पण अक्षरं रोमन. देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते, म्हणून मराठी काव्य परक्या लिपीत बसवावं लागलं. पुढच्या दोनशे वर्षांत मराठीसाठी देवनागरी खिळे घडले ते बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात. विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण तिथलंच, १८०५ सालचं. अशा स्थितीत गणपत कृष्णाजींनी पहिलं पंचांग शिळाप्रेसवर काढलं, यात मोठं शहाणपण होतं. शिळाछापात हाताने लिहिलेलं अक्षर जसंच्या तसं कागदावर उतरतं. बोरूच्या टोकाला तिरपा छेद असतो, रोमन लेखणीच्या उलट दिशेचा, आणि त्यामुळे देवनागरीत जाड-बारीकपणा वेगळ्याच ठिकाणी पडतो. तो शिळेवर टिकला. वाचकाच्या डोळ्याला ओळखीचं अक्षर दिसलं आणि छापील वस्तू घरात गेली.

खिळ्यांच्या छपाईत हे साधणं फार कठीण होतं. रोमनमध्ये अक्षरं एकामागून एक उभी राहतात; देवनागरीत ती एकमेकांच्या वर, खाली आणि पोटात शिरतात. अक्षर मात्रेसकट अखंड ओतायचं, तर खिळ्यांच्या पेटीत शेकडो घरं हवीत आणि खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने दिवसभर हात लांबवत राहायचं. मुंबईत यावर तोड निघाली ती ‘डिग्री’ टाईपची. मूळ अक्षर मधल्या थरात, वेलांटीचे फाटे, मात्रा आणि रफार वरच्या थरात, उकार खालच्या थरात, असे वेगवेगळे तुकडे ओतून तीन थरांत जुळवायचे. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरी टाईपवर मेहनत घेतली. त्याच छापखान्यात पोरवयात कामाला लागलेले जावजी दादाजी यांनी १८६४ साली स्वतःची टाईप फाउंड्री काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्यांच्यासाठी ठसे कोरले राणोजी रावजी आरू यांनी. निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांची पानं आजही उघडून पाहावीत. अक्षराचं वळण बोरूचं आहे, जोडाक्षरं आपल्या जागी नीट बसली आहेत, ओळींमध्ये मात्रा-उकारांना श्वास घेता येईल इतकी जागा आहे. या पानांवर वेलबुट्टी शोधून सापडणार नाही, तरी ती देखणी आहेत. आपल्याकडच्या मांडणीचा इतिहास लिहिणाऱ्याने सुरुवात जाहिरातींपासून न करता आरूंच्या ठशांपासून करावी, असं मला ठामपणे वाटतं.

तत्त्वं म्हणून आज शिकवली जातात, ती शब्दांत बांधली गेली विसाव्या शतकात, बरीचशी जर्मनीत. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी १९२३ साली दाखवून दिलं, की जवळजवळच्या खुणा डोळा आपोआप एका गटात धरतो आणि सारख्या दिसणाऱ्या गोष्टी एका जातीच्या मानतो. जवळीक आणि साम्य ही दोन तत्त्वं यातलीच. कालनिर्णयमध्ये तिथी त्या-त्या तारखेच्या चौकोनात असते, म्हणून ती कोणत्या दिवसाची हे सांगावं लागत नाही. सगळ्या सुट्ट्या लाल असतात, म्हणून महिनाभरातल्या सुट्ट्या एका नजरेत गोळा होतात. तारीख मोठी आणि नक्षत्र बारीक हा विरोध, आणि विरोधामुळेच क्रम लागतो. सगळंच ठळक केलं तर काहीच ठळक राहत नाही. एका वाराचे सगळे दिवस एका रांगेत येतात ते जाळीमुळे, आणि कोरी जागा ही न वापरलेली जागा नसते. दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तीच सांगते. १९१९ साली सुरू झालेल्या बाउहाउस या शाळेने आणि यान चिकोल्डच्या १९२८ सालच्या ‘नवी मुद्रणकला’ या अर्थाच्या जर्मन पुस्तकाने या विचाराला धार दिली. मधोमध रचलेली सममित पानं सोडा, कामापुरती साधी अक्षरं वापरा, पानाची रचना मजकुराच्या गरजेतून येऊ द्या, असा त्यांचा आग्रह होता. लंडनमध्ये हॅरी बेकच्या भुयारी रेल्वेच्या नकाशाने १९३३ साली हेच करून दाखवलं. त्याने खरी अंतरं आणि खरी वळणं सोडून दिली, फक्त आडव्या, उभ्या आणि तिरप्या रेघा ठेवल्या. कारण जमिनीखालच्या प्रवाशाला कुठे चढायचं आणि कुठे गाडी बदलायची एवढंच हवं असतं.

चिकोल्डची पुढची गोष्ट मला त्याच्या पुस्तकाइतकीच मोलाची वाटते. नाझींच्या राजवटीत त्याला जर्मनी सोडावी लागली. आपल्या तरुणपणच्या नियमांतला हट्ट पुढे त्यालाच खुपू लागला आणि १९४७ साली तो इंग्लंडमध्ये पेंग्विन प्रकाशनाच्या पुस्तकांचं काम पाहू लागला, तेव्हा त्याने सममित मांडणीही मोकळेपणाने वापरली. जुळाऱ्यांसाठी त्याने चार पानांची नियमावली लिहिली. तिच्यात शब्दांमधलं अंतर, विरामचिन्हं, परिच्छेदाची सुरुवात असे अगदी बारीक मुद्दे आहेत. ते नियम इंग्रजी शब्दांच्या आणि रोमन अक्षरांच्या सवयींतून काढलेले आहेत. जागतिक म्हणून गाजलेल्या माणसानेही माप घेतलं ते हातातल्या लिपीचंच.

यावर आक्षेप येईल, की डोळा सगळ्यांचा सारखाच, मग मराठीचं असं काय वेगळं? तत्त्वापुरतं म्हणाल तर काहीच नाही, मापापुरतं म्हणाल तर जवळपास सगळंच. रोमनमध्ये मोठ्या लिपीतली अक्षरं आहेत. शीर्षक, विशेषनाम, वाक्याची सुरुवात यांचा क्रम ती फुकटात लावून देतात. हेर्बर्ट बायर याने बाउहाउसमध्ये १९२५ साली ही दुहेरी अक्षरं नकोतच म्हणून एकाच लिपीची वर्णमाला बेतली आणि ते मोठं धाडस ठरलं. देवनागरीत ती सोय कधी नव्हतीच, त्यामुळे आपल्याला क्रम लावायचा तो आकाराने, जाडीने, रंगाने आणि जागेने. इंग्रजीत शीर्षकाची अक्षरं सुटी-सुटी पसरली की ती भारदस्त दिसतात. मराठीत तसंच केलं की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. तिरप्या अक्षराला रोमनमध्ये स्वतःची परंपरा आहे, आपल्याकडे सरळ अक्षर नुसतं कलतं केलं जातं. बारा पॉइंटच्या इंग्रजीशेजारी बारा पॉइंटचं मराठी बहुधा बारीक दिसतं, कारण तेवढ्याच उंचीत वरची मात्रा आणि खालचा उकार सामावायचा असतो. इंग्रजीला पुरणारं ओळींमधलं अंतर मराठीला दिलं, की वरच्या ओळीतल्या ‘कृ’चा पाय खालच्या ओळीतल्या ‘र्कें’च्या डोक्यावर पडतो. पुस्तिका दोन भाषांत निघते, इंग्रजी पान आधी तयार होतं आणि त्याच चौकटीत मराठी कोंबलं जातं, तेव्हा नेमकं हेच घडतं. मग लोक म्हणतात, मराठी वाचायला जड जातं.

शिरोरेघेकडे जरा जवळून पाहू, कारण तिला नुसतं अलंकरण समजणारे पुष्कळ आहेत. ‘घ’ आणि ‘ध’ शेजारी ठेवा. ‘घ’वर रेघ अखंड आहे, ‘ध’वर डावीकडे ती तुटलेली आहे. ‘म’ आणि ‘भ’, ‘य’ आणि ‘थ’ यांचंही तेच. टोकाच्या छोट्या गाठीच्या जोडीने ही फट अक्षराची ओळख सांगते. आता अक्षर ठळक करत न्या, किंवा औषधाच्या पाकिटावर बारीक करत न्या. सगळ्यात आधी बुजते ती हीच फट, आणि मग ‘धन’ आणि ‘घन’ यांत फरक करायचं काम वाचकाच्या अंदाजावर पडतं. गुजराती लिपी शिरोरेघेशिवाय उत्तम चालते, मग मराठीने ती का सोडू नये, असं विचारता येईल. पण गुजरातीची अक्षरं रेघेविना वाढत गेली आणि त्यांनी आपले फरक अक्षराच्या अंगातच घडवले. मोडीत लेखनिक आधी आडवी रेघ ओढून घेत आणि खाली अक्षरं भरभर सोडत, कारण दफ्तराच्या कामाला वेग हवा होता. ग्रंथासाठी बाळबोधच वापरली जाई. प्रत्येक लिपीने आपल्या कामाप्रमाणे आपला हिशेब जुळवला आहे. एकीची रेघ पुसून दुसरीचा हिशेब तिला लावता येत नाही.

लिपीच बदलावी, हा आक्षेप मात्र हलक्यात घेण्यासारखा नाही, कारण तो फार विचारी माणसांनी मांडला होता. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी खटपट केली. सावरकरांनी इ, ई, उ यांच्याऐवजी अि, अी, अु अशी अ-ची बाराखडी सुचवली आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती काही काळ आपलीशीही केली. टंकलेखन यंत्राच्या मोजक्या कळा आणि लायनोटाईप या खिळे जुळवणी यंत्राची मर्यादित घरं समोर असताना हा आग्रह रास्त होता. हरी गोविंद गोविल यांनी १९३०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लायनोटाईपसाठी देवनागरी बसवली, तीही अशाच तडजोडी करून. पण ज्या यंत्रांसाठी लिपी वळवायची होती, ती यंत्रं दोन पिढ्यांत भंगारात गेली. १९९१च्या युनिकोडमध्ये देवनागरीला जागा मिळाली आणि जोडाक्षर कसं दाखवायचं ही जबाबदारी फॉन्टवर आली. आज फॉन्टमध्ये हजारभर आकार सहज मावतात. जाहिरात क्षेत्रात काम केलेले आणि पुढे पवईच्या आयआयटीत शिकवणारे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ घडवला, आणि पडद्यावर देवनागरी पहिल्यांदा घरोघरी पोहोचली ती बव्हंशी त्यातून. यंत्राची अडचण तात्पुरती होती, वाचकाची सवय पिढ्यानुपिढ्यांची. गुटेनबर्गने जे पंधराव्या शतकात केलं, ते आपल्याला विसाव्याच्या अखेरीस करता आलं.

‘लोक वाचतातच की, एवढा काथ्याकूट कशाला?’ हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि सगळ्यात महाग पडतो. अमेरिकेत २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडातल्या पाम बीच परगण्याची मतपत्रिका पाहा. वयस्कर मतदारांना वाचता यावं म्हणून अक्षर मोठं केलं गेलं. त्यामुळे उमेदवारांची नावं दोन समोरासमोरच्या पानांवर पसरली आणि भोकं पाडायची रांग मधोमध एकच राहिली. डाव्या पानावर दुसरं नाव अल गोर यांचं, पण दुसरं भोक उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन यांचं. ब्युकॅनन यांना तिथे अनपेक्षित मतं पडली आणि कितीतरी पत्रिका दोन भोकांमुळे बाद झाल्या. फ्लोरिडाचा, आणि म्हणून अमेरिकेचा, निकाल लागला ५३७ मतांनी. हेतू चांगला होता, अक्षरही मोठं होतं, पण नाव आणि भोक यांतली जवळीक मोडली. याच्या उलट आपली १९५१-५२ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हतं. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली आणि पेटीवर त्याचं चिन्ह लावलं. चिन्ह आणि कृती एकाच जागी आली. स्वतंत्र भारतातल्या मांडणीच्या सर्वोत्तम निर्णयांत मी याची गणना करतो.

मग सौंदर्याला, कल्पकतेला जागाच नाही का? आहे, आणि मराठीने ती भरभरून वापरली आहे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं लोक कापून जपून ठेवत. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत नावाच्या अक्षरांनाच स्वभाव दिला; नाटक विनोदी की गंभीर, ऐतिहासिक की कौटुंबिक, हे वर्तमानपत्राच्या रकान्यातल्या चार बोटं जागेत समजायचं. शेडगे काना लांबवत, मात्रा वळवत, पण नाव वाचता येणं बंद होऊ देत नसत. त्यांना लिपीचे नियम ठाऊक होते, म्हणून ते कुठवर ताणायचे हेही ठाऊक होतं. १९३५ साली जे. जे. कलाशाळेत व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला आणि पुढे १९५८ साली त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली, तेव्हापासून चित्राची आणि अक्षराची जाण एकत्र देणारी एक सलग परंपरा मुंबईत आहे. मला खंत वाटते ती याची, की त्या परंपरेचा उपयोग जाहिरातीला झाला त्याच्या दशांशानेही अर्ज, पाठ्यपुस्तकं, रुग्णालयातले फलक आणि एसटी स्थानकावरची वेळापत्रकं यांना झालेला नाही.

आता साधनांची सबब उरलेली नाही. मुंबईच्या ‘एक टाईप’ने घडवलेल्या ‘मुक्ता’सारखे चांगले देवनागरी फॉन्ट विनामूल्य मिळतात. राज्य सरकारच्या २००९च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ प्रमाण ठरवला आहे. तरीही अनेक फोनवर आणि फलकांवर हिंदी वळणाचीच अक्षरं दिसतात, कारण ती आयती मिळतात आणि कोणी हरकत घेत नाही. हरकत घेतली पाहिजे. संस्थेचा अहवाल असो, सोसायटीची सूचना असो की घरच्या कार्याची पत्रिका, प्रूफ हातात आलं की रंग आणि वेलबुट्टी पाहण्याआधी ते खऱ्या आकारात छापून मागवा. हातभर अंतरावर धरा. ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे ओळखू येतात का, उकार खालच्या मात्रेपासून सुटा राहतो का आणि वाचणाऱ्याला पहिल्यांदा हवं असलेलं पहिल्यांदा दिसतं का, एवढं तपासा. नसेल, तर ते प्रूफ परत पाठवा.